गूगल क्लाउड नेक्स्टच्या २२९ घोषणा, त्यातलं लातूरच्या आडत दुकानाला नेमकं काय घ्यायचं?

आडतवाला_डेव्ह (लातूर)

नमस्कार मंडळी. लातूरात आमचं छोटं सॉफ्टवेअरचं काम आहे, मार्केट यार्डातले आडते आणि काही डाळ मिलवाले यांच्यासाठी काटापट्टी (माल तोलल्याची पावती), हिशोबपट्टी, हमाली-तोलाई, बारदाना असलं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर देतो. जुनं आहे, डेस्कटॉपवर चालतं, लोक खूष आहेत. आता झालंय काय, एका मोठ्या आडत्याचा पोरगा पुण्याहून शिकून आलाय, त्यानं गूगल क्लाउड नेक्स्ट या गूगलच्या कॉन्फरन्सचं कीनोट, म्हणजे मुख्य भाषण, यूट्यूबवर बघितलं, तेच एप्रिल २०२५ चं लास वेगासवालं, आणि तेव्हापासून फोन थांबंना. काका एजंट, म्हणजे आपणहून काम करणारा एआय, कधी लावायलाव, काका आपल्या डेटावर जेमिनी, म्हणजे गूगलचं एआय, कधी बसवायलाव. वडील गादीवर बसून ऐकतात आणि मला म्हणतात, बाबा हे काय म्हणायलंय ते बघ जरा, पैसे किती लागतील तेवढं सांग.

म्हणून मी पण बसलो बघायला. सुंदर पिचाई आले, गूगल क्लाउडचे थॉमस कुरियन आले, आयर्नवूड नावाची चिप दाखवली, जेमिनी २.५ फ्लॅश, एजंटस्पेस, एजंट-टू-एजंट प्रोटोकॉल, क्लाउड वॅन, मधी तो लास वेगासचा गोल आकाराचा स्फिअर नावाचा थिएटर आणि त्यात एआयनं मोठा करून दाखवलेला जुना सिनेमा. नंतर गूगलनंच टाकलेली यादी उघडली तर त्यात २२९ घोषणा! वाचता वाचता माझी झोप उडाली, म्हणजे उत्सुकतेनं नाही, कशाला हात घालावा तेच कळंना म्हणून.

तर प्रश्न असा. माझी खरी अडचण एकच आहे, हातानं लिहिलेल्या काटापट्ट्या. सीझनमध्ये मुनीम दिवसभर पट्ट्या गोळा करतो आणि रात्री उशिरापर्यंत एकेक टाइप करत बसतो. तुरीची आवक आता तोंडावर आहे. या सगळ्या गाजावाजातलं काय उचललं तर हे काम होईल, आणि कशाच्या नादी लागू नये? कोणी खरंच वापरलं असेल तर सांगा, कीनोट मी पण बघितलंय.

नांदेडकर_पुण्यात

दादा, प्रश्न बरोबर विचारलात, कारण त्या २२९ पैकी सव्वादोनशे गोष्टी बँका, टेलिकॉम आणि मोठमोठ्या कंपन्यांसाठी असतात, आपल्याला त्यातून फक्त भाव कळायचा असतो. आयर्नवूडचंच घ्या, गूगलची सातव्या पिढीची टीपीयू म्हणजे एआयसाठीची चिप, एका पॉडमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या गठ्ठ्यात, ९,२१६ चिपा, ४२.५ एक्झाफ्लॉप (सेकंदाला किती आकडेमोड होते त्याचं माप) वगैरे. साखर कारखान्याचा बॉयलर किती टनाचा आहे याच्याशी चहाच्या टपरीवाल्याला काय करायचंय, त्याला साखर किलोला कितीनं पडली ते कळलं की बस. ही चिप तुम्ही विकत घेणार नाही, भाड्यानं पण घेणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या, ती त्यांनी मुख्यतः इन्फरन्ससाठी, म्हणजे मॉडेल शिकवण्यापेक्षा तयार मॉडेल चालवण्यासाठी केलीय असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे सगळा जोर आता एक उत्तर किती स्वस्तात पडतं त्यावर आलाय, आणि तिथं तुमचं काम बसतं.

तुमच्यासाठी त्या अख्ख्या कॉन्फरन्समधली कामाची गोष्ट म्हणजे जेमिनी २.५ फ्लॅश. तिथं नुसतं जाहीर झालं, जून २०२५ मध्ये सगळ्यांसाठी रीतसर खुलं झालं, तेव्हाचा भाव होता दहा लाख इनपुट टोकनला (टोकन म्हणजे मॉडेल मजकुराचे किंवा फोटोचे जे बारीक तुकडे मोजतं ते) ०.३० डॉलर आणि दहा लाख आउटपुट टोकनला २.५० डॉलर. आता हिशोब करा. काटापट्टीचा एक फोटो आणि सोबत तुमच्या सूचना मिळून समजा २,००० टोकन आत गेले, आणि वजन, भाव, कट्टे, शेतकऱ्याचं नाव असं ५०० टोकन बाहेर आलं. डॉलर ९० रुपये धरला तर एका पट्टीला सतरा पैशाच्या आसपास पडतं. दिवसाला ५०० पट्ट्या म्हणजे ८५ रुपये. वर १८ टक्के जीएसटी, तो तुमची जीएसटी नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटमध्ये मिळू शकतो.

पण इथं एक गोम आहे जी कीनोटमध्ये कोणी सांगत नाही. हे मॉडेल उत्तर देण्याआधी 'विचार' करतं आणि त्या विचाराचे टोकन आउटपुटच्या भावानं लागतात. एका पट्टीला ३,००० टोकन विचारात गेले की तीच पट्टी ८४ पैशाला पडते, म्हणजे दिवसाचे ८५ चे सव्वाचारशेच्या घरात. म्हणून त्यात थिंकिंग बजेट नावाची सेटिंग आहे, ती शून्य करा. पट्टी वाचायला तत्त्वज्ञान लागत नाही. आधी शून्यावर चालवून बघा, आणि जी पट्टी नीट वाचली गेली नाही तेवढीच परत विचार चालू ठेवून पाठवा.

आणि मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात हे पण धरून चला, म्हणून सूचना इंग्रजीत लिहिल्या तर थोडे वाचतात, आणि उत्तर मोठमोठ्या वाक्यात मागू नका, जेसन, म्हणजे रकान्यारकान्यात मांडलेला डेटा, मागा.

एजंटस्पेस, म्हणजे कंपनीतल्या लोकांना एजंट वापरायला दिलेली सेवा, तिचं म्हणाल तर विसरा, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते जेमिनी एंटरप्रायझ या नव्या नावात गेलं पण, तेव्हा माणशी महिन्याला २१ डॉलरपासून सुरू होतं. वर्षाच्या आत नाव बदललेल्या गोष्टीवर आडत्याची गादी नको बांधायला.

वाळूज_पीएलसी

मी वाळूजला पीएलसी-स्काडाचं, म्हणजे कारखान्यातल्या मशीनच्या कंट्रोलचं, काम बघतो, क्लाउडवाला नाही, पण त्या ४२.५ एक्झाफ्लॉपवर बोलल्याशिवाय राहवत नाही कारण आमच्या ऑफिसात सगळे तोच आकडा फॉरवर्ड करत होते.

गूगलनं लिहिलं की एक अख्खा पॉड जगातल्या सगळ्यात मोठ्या सुपरकॉम्प्युटरच्या, म्हणजे एल कॅपिटनच्या, २४ पट. एल कॅपिटनचा आकडा १.७ एक्झाफ्लॉप. आता गंमत बघा, तो १.७ हा ६४ बिटच्या आकडेमोडीचा आहे, ज्यात पंधरा-सोळा अंकांपर्यंत अचूकता राहते, तिथं अमेरिकेत अण्वस्त्रांची सिम्युलेशन चालतात म्हणून तशी लागते. आयर्नवूडचा ४२.५ हा ८ बिटचा, त्यात जेमतेम एखादा अंक भरवशाचा. एआयला तेवढं पुरतं, त्यात काही खोटं नाही, पण दोन वेगळ्या मापाचे आकडे एकाखाली एक लिहून भागाकार करायचा म्हणजे काट्यावरच्या आडत्याला शिकवायला नको हे काय असतं ते. तेव्हाच बऱ्याच जाणकारांनी यावर बोट ठेवलं होतं.

खरा आकडा मला वेगळाच वाटतो. त्या एका पॉडला जवळपास १० मेगावॅट वीज. एका पॉडला! आमच्याकडं शेजारच्या छोट्या युनिटवाल्याला लोड वाढवून घ्यायचा म्हटलं तर हेलपाटे मारून चपला झिजतात. आणि पिचाईंनी त्याच स्टेजवर २०२५ चा भांडवली खर्च ७५ अब्ज डॉलर सांगितला, तो जुलैमध्ये ८५ झाला, ऑक्टोबरमध्ये ९१ ते ९३. हा पैसा कोणाकडून तरी वसूल होणारच ना. आज सतरा पैसे आहे, उद्या काय असेल कोणास ठाऊक, म्हणून मी म्हणतो, लावा पण एकाच कंपनीला बांधून घेऊ नका, मॉडेल बदलता येईल असा कोड लिहा.

बीई_थर्ड_इयर_हिंगोली

सॉरी मधीच विचारते, मी हिंगोलीची आहे, नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. हे सगळं वाचून एक विचारायचं होतं, आमच्या कॉलेजात सगळे म्हणायलेत की क्लाउडचं सर्टिफिकेशन कर, एआय एजंट शिक, नाहीतर जॉब नाही. घरचे म्हणतात इतके पैसे परीक्षेला कामून घालायचे. त्या नेक्स्टमध्ये एजंट डेव्हलपमेंट किट म्हणून काहीतरी फ्री काढलं ना? ते शिकू का सर्टिफिकेशन करू? माझा लॅपटॉप ८ जीबीचा आहे.

नांदेडकर_पुण्यात

ताई, सॉरी कशाला, विचार बिनधास्त. एजंट डेव्हलपमेंट किट म्हणजे एडीके, ते ओपन सोर्स आहे, पायथनमध्ये, ८ जीबीवर आरामात चालतं कारण मॉडेल तुझ्या लॅपटॉपवर नसतंच, तू फक्त त्याला हाका मारतेस. परीक्षांची फी सांगतो, डिजिटल लीडर ९९ डॉलर, असोसिएट क्लाउड इंजिनिअर १२५, प्रोफेशनलवाल्या २०० डॉलर. डिजिटल लीडर तर सेल्सवाल्यांसाठी आहे, तुला त्याचा उपयोग नाही. थर्ड इयरला असोसिएट केलीस तर वाया नाही जाणार, नेटवर्किंग, परवानग्या, बिलिंग हे त्यात नीट शिकावं लागतं, आणि खरं सांगू का, मुलाखतीला येणाऱ्या पोरांना एजंटवर सगळ्यांना बोलता येतं पण सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे माणसाच्या नाही तर प्रोग्रामच्या खात्याला, कमीत कमी परवानगी कशी द्यायची हे विचारलं की गप्प बसतात.

पण पैसे घालायच्या आधी एक काहीतरी बनव. या दादांचंच काम घे की, पट्टीचा फोटो घालायचा आणि तक्ता मिळवायचा. त्यात एवढं शिकशील की परीक्षा सोपी जाईल.

परभणी_कृषी_ताई

मी परभणीला शेतकरी गटांसोबत काम करते. तुमच्या चर्चेत सगळे पट्टीवरच अडकलाय, मला त्या एजंट-टू-एजंट प्रोटोकॉलबद्दल विचारायचंय. आमच्या एका बैठकीत एक कन्सल्टंट येऊन सांगून गेले की आता शेतकऱ्याचा एजंट व्यापाऱ्याच्या एजंटशी परस्पर बोलून भाव ठरवणार. माणसं ऐकत होती बिचारी, एक आजोबा मागून म्हणाले, मग आमी काय करायचं, घरी झोपायचं? हे खरंच असं काही आहे का?

नांदेडकर_पुण्यात

ताई, प्रोटोकॉल खरा आहे, कन्सल्टंटनं त्याच्यावर जे चढवलं ते खरं नाही. एटूए म्हणजे एवढंच की वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेल्या दोन एजंटांना एकमेकांना काम सांगता यावं आणि काम कुठपर्यंत आलं ते कळावं यासाठी ठरवलेली एक पद्धत. प्रत्येक एजंट आपलं एक कार्ड ठेवतो, मला हे हे येतं, माझ्याशी असं असं बोला, आणि दुसरा ते वाचून विनंती पाठवतो. खाली सगळं साधं वेबचंच तंत्र आहे, एचटीटीपी आणि जेसन. नेक्स्टला जाहीर केलं तेव्हा पन्नासपेक्षा जास्त कंपन्यांची नावं होती, सेल्सफोर्स, एसएपी, आपल्या टीसीएस, इन्फोसिस, विप्रो पण होत्या, आणि जून २०२५ मध्ये गूगलनं ते लिनक्स फाउंडेशन या ओपन सोर्स सांभाळणाऱ्या संस्थेकडं दिलं. हे दिलं ते चांगलं झालं, एकट्याच्या हातात राहिलं असतं तर बाकीच्यांनी तोंड फिरवलं असतं. त्याच्या आधी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकचं एमसीपी आलं होतं, ते एजंटला डेटाबेस, फाइल, टॅली असल्या साधनांशी जोडायला आहे.

भाव ठरवायचं त्यात काही नाही. सौदा करायचा अधिकार कोणाला, माल बघितला कोणी, ओलावा किती, पैसे बुडाले तर जबाबदार कोण, यातलं एकही प्रोटोकॉल सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. दोन एजंट बोलायला लागले म्हणजे विश्वास तयार झाला असं नसतं.

परभणी_कृषी_ताई

हे बरं झालं सांगितलंत. पुढच्या बैठकीत त्या आजोबांना सांगते, झोपू नका म्हणून. 😄

एक माझ्याकडून, आमच्या लोकांना लिहून विचारायचं जमत नाही, बोलूनच विचारतात, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस पाठवतात. जेमिनीचं अॅप २०२४ मध्येच मराठीत आलं, जूनमध्ये नऊ भारतीय भाषा आल्या त्यात मराठी होती, आणि पुणेरी बोललं की छान कळतं त्याला. पण आमच्याकडची बाई "सोयाबीनला काय भाव चाललाय, उद्या आणू का नको" असं एका दमात बोलते, मागं कोंबडी ओरडतेय, ट्रॅक्टर चालू, तेव्हा काय काय ऐकू येतं देव जाणे. कीनोटमधले आवाजाचे डेमो सगळे शांत खोलीतले असतात हे लक्षात असू द्या.

आणि दुसरं, पाण्याच्या मोटारी, सेन्सर वगैरे क्लाउडवर जोडणाऱ्यांनी इतिहास विसरू नये. गूगलचीच आयओटी कोअर नावाची सेवा होती, ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं बंद करणार आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केली. शेतकऱ्याची मोटार दहा वर्षं चालते, सेवा एवढी चालंल याची खात्री नाही.

आडतवाला_डेव्ह (लातूर)

सगळ्यांचे आभार, एवढं मिळंल असं वाटलं नव्हतं. नांदेडकर दादा, हिशोब मालकांना, म्हणजे त्या पोराच्या वडलांना, दाखवला, सतरा पैसे ऐकून म्हणाले बरं हाय, मुनीमाच्या चहापेक्षा स्वस्त.

पण पुढं दोन अडचणी आल्यात. एक, मालक म्हणतात डेटा दुकानाबाहेर जाता कामा नये, कोणी कोणाला किती माल घातला हे यार्डात फार नाजूक प्रकरण असतं, तुम्हाला माहीतच आहे. पोरगा म्हणायलाय की त्या कॉन्फरन्समध्ये जेमिनी स्वतःच्या जागेत बसवायचं पण जाहीर केलंय, गूगल डिस्ट्रिब्युटेड क्लाउड म्हणून. ते घ्यायचं का?

दुसरी, इंटरनेट. क्लाउड वॅन म्हणून गूगलनं त्यांचं स्वतःचं नेटवर्क कंपन्यांना खुलं केलं, २० लाख मैलांपेक्षा जास्त फायबर, ४० टक्क्यांपर्यंत वेग जास्त. इकडं यार्डाच्या रस्त्याचं काम चालू हाय आणि जेसीबीचा दात लागला की आमचं फायबर तुटतं, मग तासन् तास मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. ते २० लाख मैल माझ्या शेवटच्या दोनशे मीटरला काय करणार?

वाळूज_पीएलसी

हाहा, शेवटचे दोनशे मीटर! आमच्या एमआयडीसीतली कथा पण तीच.

मालकांच्या पोराला सांगा की ते डिस्ट्रिब्युटेड क्लाउड घेतलं तर एनव्हिडियाच्या ब्लॅकवेलवाले सर्व्हर लागतात, ते सरकारी खाती, बँका, संरक्षण यांच्यासाठी आहे, ज्यांना बाहेरचं नेटवर्क जोडायचीच परवानगी नसते. आडत दुकानाच्या माडीवर ते ठेवायला आधी थ्री फेज, मग एसी, मग जनरेटर, मग एक माणूस. मालक मुनीमच परवडला म्हणतील.

डेटा बाहेर जाऊच द्यायचा नसेल तर दुसरा रस्ता आहे, जेमा ३. गूगलचंच, मार्च २०२५ मध्ये आलं, मॉडेलच उतरवून घ्यायचं आणि आपल्या मशीनवर चालवायचं. तेव्हा १, ४, १२ आणि २७ अब्ज पॅरामीटर असे चार आकार होते, १ वालं सोडून बाकीचे फोटो पण वाचतात. १२ वालं दाबून लहान केलेलं असेल तर १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर बसतं, गेमिंगचा पीसी असतो ना तेवढ्यात. पण मी आमच्याकडच्या तपासणी रजिस्टरची पानं देऊन बघितलंय, छापील एकदम मस्त, हातचं लिहिलेलं मराठी आलं की अडखळतं, क्लाउडवालं मोठं मॉडेल त्याच्यापुढं बरंच बरं वाचतं.

नेटचं म्हणाल तर पट्टी त्याच सेकंदाला वाचली जायची काय गरज आहे? फोटो मोबाइलमध्ये साठवून ठेवा, नेट आलं की रांगेनं जाऊ द्या. मुनीमाला तर रात्रीच लागतात.

जाता जाता, डेटा सेंटरचा विषय निघालाय म्हणून. आमच्या ग्रुपात परवा चर्चा होती की शेंद्रा-बिडकीनला ऑरिक औद्योगिक नगरीत एवढी जागा आहे तर गूगलनं १५ अब्ज डॉलरचा एआय हब विशाखापट्टणमला कामून नेला. अरे बाबा, तिथं समुद्र आहे, समुद्राखालच्या केबली थेट उतरवायच्यात, मुंबईत पण डेटा सेंटरं म्हणूनच गर्दी करून आहेत. आणि पाणी. चिपच्या भोवती फिरणारं पाणी बंद नळीत फिरतं, ते संपत नाही, पण ती उष्णता शेवटी बाहेर टाकायला बऱ्याच ठिकाणी पाण्याची वाफ करावी लागते. जायकवाडीवर आधीच शेती, शहर, एमआयडीसी, दारू कंपन्या सगळ्यांचा डोळा. उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या भागानं हे मागताना दोनदा विचार करावा, माझं स्पष्ट मत.

नांदेडकर_पुण्यात

वाळूजकरांशी सहमत, फक्त डेटाबद्दल थोडं जोडतो. "बाहेर जाता कामा नये" याचे दोन अर्थ असतात आणि मालकांना नेमका कुठला पाहिजे ते विचारा. देशाबाहेर नको असेल तर फोटो साठवायला मुंबई रीजन, म्हणजे तिथली डेटा सेंटरं, निवडता येतो. पण साठवण मुंबईत आणि मॉडेल दुसरीकडंच असं होऊ शकतं, ग्लोबल एंडपॉइंट, म्हणजे ठराविक रीजनला न बांधलेला पत्ता, वापरला तर तुमची विनंती कुठल्या देशात वाचली जाईल याची हमी नसते. डेमो कोडमध्ये बऱ्याचदा तेच लिहिलेलं असतं आणि लोक तसंच उचलतात. आणि यार्डातल्या शेजारच्या आडत्याला कळू नये एवढंच पाहिजे असेल, आणि बहुतेक तेच असणार, तर तो धोका गूगलपेक्षा तुमच्या मुनीमाच्या मोबाइलमधल्या फोटो गॅलरीतून जास्त आहे. फोटो गेला की मोबाइलमधून उडवा. शेतकऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर वाचायची गरज नसेल तर तेवढा भाग कापूनच पाठवा, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, पुढं कोणी विचारलं तर उत्तर तयार पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बिल. गूगल क्लाउडमध्ये बजेट म्हणून जे असतं ते फक्त ईमेल पाठवतं, खर्च थांबवत नाही. महिन्याला २,००० चं बजेट लावलं आणि तुमच्या कोडमध्ये चूक होऊन एकच फोटो रात्रभर परत परत जात राहिला तर सकाळी ईमेल येईल आणि बिल पण. खरंच थांबवायचं असेल तर बजेटची सूचना एका छोट्या फंक्शनला जोडून बिलिंगच तोडायचं अशी सोय करता येते, पण तेव्हा त्या प्रोजेक्टमधलं सगळंच बंद पडतं, आणि खर्चाचा आकडा उशिरा येतो म्हणून थोडं पुढं गेलेलंच असतं. त्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येच मर्यादा आणि मोजणी ठेवा, मिनिटाला इतक्याच विनंत्या, आणि एका पट्टीला तीनपेक्षा जास्त वेळा पाठवायचं नाही.

आणि जुना टाइप करायचा स्क्रीन काढू नका. १२ जून २०२५ ला गूगल क्लाउड जगभर आडवं झालं होतं, परवानगी तपासणाऱ्या एका सिस्टममध्ये रिकाम्या रकान्यांची नोंद गेली, कोडला ती झेपली नाही, काही सेकंदात सगळ्या रीजनला पोचली. आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते म्हणून इथं फारसा बोभाटा झाला नाही. तेच दुपारी सौदे चालू असताना झालं असतं तर?

बीई_थर्ड_इयर_हिंगोली

मी काल रात्री एडीके टाकून बघितलं, चाललं! पप्पांच्या जुन्या पट्ट्या होत्या हळदीच्या, त्यातल्या काही दिल्या. छान वाचतंय पण मराठी आकड्यात १ आणि ९ मध्ये गोंधळ करतंय, जिथं पेन ओढून लिहिलंय तिथं. एका ठिकाणी ११ क्विंटलचे ९१ केले. कॉन्फिडन्स विचारला तर म्हणतंय ९५ टक्के खात्री आहे 🙈

आडतवाला_डेव्ह (लातूर)

ताई भारी! १ आणि ९ ला आमचा मुनीम पण फसतो कधी कधी, पण तो लगेच पुढचा आकडा बघतो. पट्टीवर वजन आहे, भाव आहे आणि रक्कम आहे, तीन आकडे. वजन गुणिले भाव बरोबर रक्कम आली तर पट्टी हिरवी, नाही आली तर लाल, आणि लाल तेवढ्या मुनीमानं डोळ्यानं बघायच्या. हे गुणाकाराचं काम मॉडेलला सांगायचंच नाही, ते माझ्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, दोन ओळीचा कोड आहे. आणि तो म्हणायलेला ९५ टक्क्याचा आकडा कुठंच दाखवायचा नाही, मुनीम त्याच्यावर भरवसा ठेवून डोळे मिटंल.

कट्ट्यांचा पण ताळा लागतो, पन्नास किलोच्या आसपास भरती असते, २२ कट्टे आणि ९१ क्विंटल असं होणारच नाही.

नांदेडकर_पुण्यात

एकदम बरोबर. हमाली-तोलाई वजा करून निव्वळ रक्कम पण लिहिलेली असते ना, तो चौथा ताळा. लाल पट्ट्या किती निघतात ते आधी जुन्या पट्ट्यांवर काढा, ज्यांची खरी नोंद तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच आहे अशा. दर शंभरात किती लाल, आणि त्याहून महत्त्वाचं, किती हिरव्या असून चुकीच्या, ते कळल्याशिवाय मालकांना हो म्हणू नका.

आडतवाला_डेव्ह (लातूर)

मागच्या सीझनच्या सोयाबीनच्या पट्ट्या गठ्ठा बांधून ठेवलेल्या आहेत, रविवारी यार्ड बंद असतं तेव्हा फोटो काढायला बसतो. नाव आणि नंबरवर कागदाची पट्टी ठेवून काढीन. हिंगोलीच्या ताई, तुम्हाला पाहिजे असतील तर त्यातल्या काही पाठवतो, पण तुमचा कोड मला द्यावा लागंल, आणि सुट्टीत लातूरला येऊन मुनीमाला समजावून सांगायचं कामही तुमचंच, मोबदला देणार, फुकट नाही. पोराला मी सांगितलं एजंट नाही, आधी गुणाकार.

बीई_थर्ड_इयर_हिंगोली

चालतंय काका, कोड देते. फक्त पट्ट्यांवर निळं पेन आणि पिवळा कागद असेल तर फोटो उन्हात काढा, ट्यूबलाइटखाली काढलेले माझे सगळे लाल आले.